घाटात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं रिमॅपिंग: पुण्यातल्या नवख्यांसाठी

आषाढात माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते, तेव्हा दिवे घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. रथ तोच, वजन तेच, पण चढ लागला की एका जोडीवर भागत नाही. तिथे कोणी शर्यतीचा बैल शोधत नाही. संथ चालीत, मान न टाकता, माथ्यापर्यंत ओढत राहणारी जोडी लागते. गाडीमागे ट्रेलर लावून घाट चढायचा आहे आणि त्यासाठी इंजिन रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, म्हणजे ईसीयूतली, फाइल बदलणं) करून घ्यायचं मनात आहे, तर हे चित्र डोळ्यांसमोर असू द्या. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘किती हॉर्सपॉवर वाढवायची?’ आपल्याला विचारायचं असतं ते निराळंच: कमी आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) ओढ किती मिळेल आणि ती घाट संपेपर्यंत टिकेल का?

मी पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनच्या बाजूला फायबरची छोटी होडी ट्रेलरवर घेऊन जाते. गाडी जुनी स्कॉर्पिओ, २.२ लिटरचं एमहॉक डिझेल, कागदावर १२० पीएस पॉवर आणि २८० न्यूटन-मीटर टॉर्क. जाताना उतार असतो. कस लागतो तो परतताना, माणगाव सोडून विळे-भागाड मागे पडलं की. या गाडीवर दोनदा रिमॅप झालं. पहिलं फसलं, दुसरं गेली काही वर्षं नीट चाललंय. दोन्हींतून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी हिशेब, मग लॅपटॉप

टॉर्क म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद आणि पॉवर म्हणजे ती ताकद किती वेगाने वापरली जाते त्याचा गुणाकार. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतात. माझ्या गाडीचे २८० न्यूटन-मीटर १८०० पासून २८०० आरपीएमपर्यंत सारखे मिळतात. १८०० ला त्यातून सुमारे ५३ किलोवॅट निघतात आणि २५०० ला ७३. म्हणजे एक गिअर खाली टाकला, की एक रुपया न खर्चता वीस किलोवॅट जास्त हाताशी येतात. चौथ्या गिअरमध्ये गाडी उठत नाही म्हणून रिमॅप करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना फक्त तिसरा गिअर लागत होता.

आता चढाचा हिशेब. माणसं-सामानासकट गाडी २०५० किलो, ट्रेलर १००० किलो, मिळून ३०५० किलो. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ आणि ताशी ६० चा वेग धरला, तर चढ, टायरचं घर्षण आणि हवेचा रेटा मिळून चाकांवर सुमारे अडीच हजार न्यूटन ओढ लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जाणारा वाटा धरून इंजिनाला ४९ किलोवॅट द्यावे लागतात. २००० आरपीएमवर हे होतात २३३ न्यूटन-मीटर. मूळ गाडीकडे आहेत २८०. शिल्लक राहिले ४७. समोर ट्रक आला, वेग पडला, पुन्हा वेग धरायचा तो या ४७ वर. म्हणूनच गाडीचा दम गेल्यासारखा वाटतो.

रिमॅपने टॉर्क १५ टक्के वाढवला तर होतात ३२२. शिल्लक ४७ वरून ८९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ट्रेलर ओढणाऱ्याने ही गोष्ट नीट समजून घ्यावी. एकूण आकडा थोडाच वाढतो, पण चढावर हाताशी असलेली शिल्लक दुप्पट होते. त्यामुळे ४० टक्के वाढवून देणाऱ्याच्या मागे लागायचं कारणच उरत नाही. दुसरं असं की त्याच वेगाने तोच चढ चढताना लागणारे ४९ किलोवॅट रिमॅपनंतरही ४९ च राहतात. इंजिन जास्त तापतं ते तुम्ही ती नवी शिल्लक सलग वापरायला लागता तेव्हा.

वजन मोजा

माझा अंदाज होता की होडी, तिचं इंजिन आणि ट्रेलर मिळून साडेसातशे किलो भरतील. वजनकाट्यावर आकडा आला १०८०. होडीच्या तळात पाणी राहिलं होतं, खाली वाळू बसली होती, पेट्रोलचे दोन कॅन, नांगर, दोर, शिवाय ट्रेलरवर ठोकलेली जाड चॅनेल. तेव्हापासून खाडीतून होडी वर काढली, की आधी तळाचं बूच काढते, पाणी पूर्ण गळू देते आणि मगच ट्रेलर कपलिंगला (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याला) लावते.

भरलेल्या ट्रकचं वजन करणारा कोणताही काटा चालेल. मार्केट यार्डाच्या परिसरात किंवा हायवेला सहज सापडतो. आधी गाडी-ट्रेलर दोन्ही एकत्र तोला, मग ट्रेलर सोडून नुसती गाडी. पावती जपून ठेवा.

मग कपलिंगवर येणारं वजन. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, घरातला वजनाचा साधा काटा फळीवर ठेवा आणि ट्रेलरचा दांडा लाकडी ठोकळ्याच्या आधाराने त्यावर टेकवा. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार तिथे यायला हवा, म्हणजे हजार किलोच्या ट्रेलरला ७० ते १०० किलो. कमी आला तर ट्रेलर मागून गाडीला झुलवतो. फार आला तर गाडीची शेपूट बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. होडी ट्रेलरवर एक वीतभर पुढे-मागे सरकवली तरी हा आकडा बराच बदलतो. एवढ्याशा सरकवण्याने गाडीच्या वागण्यात जो फरक पडतो तो कुठलाही मॅप देत नाही.

गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली वजनाची पाटी असते. काही गाड्यांच्या पाटीवर गाडीचं कमाल भारित वजन आणि त्याखाली गाडी-ट्रेलरचं मिळून कमाल वजन, असे दोन आकडे दिलेले असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला, की पूर्ण भरलेल्या गाडीमागे किती ओढता येईल ते कळतं. पाटीवर दुसरा आकडा नसेल तर मालकाच्या पुस्तकात पाहा, तिथेही नसेल तर कंपनीला लेखी विचारा. रिमॅपने हे आकडे वाढत नाहीत. चासी, ब्रेक, बेअरिंग, टो बारचे बोल्ट, सगळं होतं तसंच राहतं.

गाडी निरोगी आहे का?

आजारी इंजिनावर रिमॅप म्हणजे ताप असलेल्या बैलाला घाटात जुंपणं. टर्बोपासून (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे होस पाइप हाताने चाचपा. तेलकट ओल किंवा काळा माग दिसला तर तिथून हवेचा दाब निसटतो आहे. माझ्या गाडीत एका क्लिपखाली केसाएवढी चीर होती. नुसती गाडी चालवताना काही कळायचं नाही, ट्रेलर लावला की गाडी धूर टाकायची. होस बदलला आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल ईसीयू किती कमी-जास्त करतोय त्याचे आकडे, ईजीआर झडपेतली (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळी, हे सगळं चांगल्या गॅरेजमध्ये एका सकाळीत बघून होतं. पण रेडिएटरकडे स्वतः बघा. पुढून तो स्वच्छ दिसतो, कारण पुढे असतो एसीचा कंडेन्सर. ताम्हिणीच्या पावसाळी रस्त्यावरची लाल माती, गवताचं बी आणि किडे जाऊन बसतात दोघांच्या मधल्या फटीत. मी पहिल्यांदा कंडेन्सर पुढे घेऊन आत टॉर्च मारली तेव्हा खालच्या चार बोटांत फिन (जाळीचे पातळ पत्रे) दिसतच नव्हते, नुसता मातीचा लेप. कमी दाबाच्या पाण्याने, आतून बाहेरच्या दिशेने धुवायचं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारू नका, फिन आडवे पडतात.

क्लचची परीक्षा सोपी आहे. ट्रेलर न लावता मोकळ्या सपाट रस्त्यावर वरचा गिअर टाका, १८०० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. वेग न वाढता आरपीएमचा काटा वर उडाला तर क्लच घसरतोय. अशा गाडीवर आधी क्लच, नंतर रिमॅप.

मूळ गाडीची नोंद ठेवा

ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीचं यंत्र जोडायची जागा) लागणारा एक छोटा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं एखादं अॅप घ्या. शीतकाचं (रेडिएटरमधल्या कूलंटचं) तापमान, टर्बोचा दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि इंजिनावरचा लोड, एवढं दिसलं तरी पुरे. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

एक चढ ठरवा. मी सासवडकडे जाणारा दिवे घाट पहाटे, गर्दी सुरू व्हायच्या आत निवडते. तोच ट्रेलर, तेच वजन, शक्यतो तीच वेळ. तिसऱ्या गिअरमध्ये कोणत्या वळणावर किती वेग राहिला, माथ्यावर शीतक किती अंशांवर गेलं, हे वहीत लिहा. रिमॅपनंतर हाच चढ पुन्हा चढायचा. ही नोंद नसेल तर ‘फरक जाणवतो’ याखेरीज तुमच्या हातात काही राहत नाही, आणि पैसे मोजलेल्या माणसाला फरक जाणवतोच.

जमलं तर टर्बोच्या आधी धूर-तापमान मोजणारी थर्मोकपलची सळई बसवून घ्या. डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे जास्त ताप, आणि तो सगळ्यात आधी इथे दिसतो, शीतकात नंतर. सलग चढावर मी हा आकडा ७०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवते आणि ७५० दिसले की पाय उचलते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवर पैसे खर्च करायचे असतील तर मी आधी या मीटरवर करीन, मॅपवर नंतर.

मॅपमध्ये नेमकं काय बदलतं

ईसीयूच्या आत तक्ते असतात, पाढ्यांच्या तक्त्यासारखे. आडव्या ओळीत आरपीएम, उभ्या ओळीत पायाचा दाब, आणि चौकटीत आकडा: एवढा टॉर्क द्यायचा. त्या मागणीवर मर्यादेचा तक्ता बसतो. मग किती मिलिग्रॅम डिझेल सोडायचं ते ठरतं. तेवढं जळायला पुरेशी हवा आहे का हे धूर-मर्यादेचा तक्ता तपासतो. टर्बोने किती दाब द्यायचा, इंधनाच्या नळीत किती दाब ठेवायचा, फवारा कधी मारायचा, याचे तक्ते वेगळे. शिवाय गाडी तापली, डिझेल तापलं, हवा विरळ झाली, की ताकद आपोआप कमी करणारे संरक्षणाचे तक्ते.

चांगला ट्युनर ही साखळी पूर्ण हलवतो. इंधन वाढवतो तेवढी हवाही वाढवतो आणि संरक्षणाच्या तक्त्यांना हात लावत नाही. वाईट ट्युनर इंधन वाढवतो आणि धूर-मर्यादा उघडून देतो. मागे काळा ढग दिसला की समजा, तुमचं डिझेल न जळता बाहेर पडतंय आणि इंजिन तापतंय.

बाजारात ‘ट्युनिंग बॉक्स’ही मिळतो. तो वायरिंगमध्ये मधे बसून इंधनाच्या दाबाचा खरा आकडा ईसीयूला कमी करून सांगतो, म्हणजे ईसीयू दाब वाढवतो. बसवायला-काढायला सोपा, पण हवेचा आणि इंधनाचा मेळ त्याला कळत नाही. सलग ओझं ओढणाऱ्या गाडीला मी तो लावणार नाही.

पेट्रोल टर्बो गाड्यांबद्दल थोडक्यात. तिथे मर्यादा येते ती नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेटून ठोके पडण्याची. एप्रिल-मेच्या उन्हात चढावर ईसीयू स्वतःच ताकद आखडती घेतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला रिमॅपने ट्रेलर ओढण्यापुरता फरक पडत नाही, तिथे पैसे घालवू नका.

ट्युनरकडे काय मागायचं

पहिल्या वेळी मी हे काहीच मागितलं नव्हतं. तयार फाइल घातली गेली. सपाट रस्त्यावर गाडी २२०० च्या पुढे अशी उसळायची की मी खूश. मग होडी घेऊन ताम्हिणी चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये, एका उजव्या वळणावर आरपीएम २२०० वरून २९०० वर गेला आणि वेग तिथेच. मागोमाग तो वास, जळक्या ब्रेकलायनरसारखा उग्र. पाऊस सुरू झाला होता. रस्त्याच्या कडेला थोडी रुंद जागा मिळाली तिथे थांबले, दोन्हीकडे चाकांना दगड लावले, अर्धा तास बॉनेट उघडं ठेवून उभी राहिले. पुढे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वर आले. पुण्यात मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट हातात दिली. तिचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता आणि प्रेशरप्लेटवर निळे-जांभळे डाग. ते म्हणाले, “ताई, ही प्लेट ओझ्याने नाही गेली. झटक्याने गेलीय.”

झटका म्हणजे एकदम येणारा टॉर्क. दुसऱ्या वेळी मी एका कागदावर लिहूनच नेलं. टॉर्क १५ टक्क्यांहून जास्त वाढवू नका. १८०० पर्यंत तो हळूहळू चढू द्या आणि मग २८०० पर्यंत सपाट ठेवा. दोन टोकांच्या मधे कुठेही डोंगर नको. १४००-१५०० ला एकदम ढकलू नका, कारण तेवढ्या कमी आरपीएमवर सिलिंडरमधला दाब आणि फ्लायव्हीलवरचा मार सगळ्यात जास्त असतो. धूर-मर्यादा, तापमानाची आणि उंचीची संरक्षणं जशीच्या तशी. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर १३०० च्या वर. तिथे विरळ हवेत टर्बोला आधीच जास्त फिरावं लागतं, तेव्हा उंचीची मर्यादा काढून टाकणं म्हणजे टर्बोचं आयुष्य कापणं.

१५ टक्के हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. हेच २.२ लिटरचं इंजिन पुढे कंपनीने स्कॉर्पिओत १४० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटरमध्ये दिलं, म्हणजे साधारण १४ टक्के जास्त टॉर्क. पण त्यासोबत गिअरबॉक्सही बदलला, हे विसरू नका. तुमच्या गाडीच्या इंजिनाचा असा ताकदवान भाऊ बाजारात असेल तर त्याचे आकडे शोधा. कुठपर्यंत जायचं याचा त्याहून चांगला अंदाज दुसरीकडे मिळणार नाही.

आणखी काही गोष्टी दुकानातच स्पष्ट करून घ्या. तुमच्या गाडीतली मूळ फाइल वाचून तिची प्रत तुम्हाला पेनड्राइव्हवर मिळेल का? फाइल तुमच्या गाडीच्या नोंदी पाहून बनवणार, की तयार साठ्यातली घालणार? नंतर ट्रेलर लावून काढलेल्या नोंदी पाहून एकदा सुधारून देणार का? डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधीचा आणि नंतरचा आलेख मिळेल का? फाइल घालताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडतात का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. फाइल लिहिली जात असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू मुका होतो आणि गाडी टो करून न्यावी लागते.

बीएस६ डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो आणि बऱ्याच गाड्यांचे ईसीयू कुलूपबंद असतात. ते काढून टेबलावर उघडावे लागतात. ‘डीपीएफ बंद करून देतो, ईजीआर बंद करून देतो’ असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. ते बेकायदा आहे, आणि तुमच्या गाडीच्या धुराने दुसऱ्याच्या पोराची छाती भरते.

कायदा, विमा आणि वॉरंटी

हे कंटाळवाणं वाटेल, पण यात चूक झाली तर घाटातल्या क्लचपेक्षा महाग पडते.

गाडी विक्रीला येण्याआधी तिचं इंजिन, धूर, ब्रेक हे सगळं प्रमाणित होतं. हे काम करणारी मोठी संस्था, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, आपल्या कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. तुमच्या ईसीयूतली मूळ फाइल हा त्या मंजुरीचा भाग आहे, बदललेली फाइल नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. म्हणून आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत किंवा तुमची नोंदणी जिथली असेल तिथे लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. ट्युनरच्या ‘काही होत नाही हो’ला कागदाची किंमत नसते.

ट्रेलर हासुद्धा कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला, नंबर नसलेला ट्रेलर रस्त्यावर आणू नका.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. लपवलेला बदल दाव्याच्या वेळी निघतो. वॉरंटी चालू असेल तर रिमॅपचा विचार वॉरंटी संपेपर्यंत बाजूला ठेवा. ईसीयूत फाइल किती वेळा लिहिली गेली त्याची नोंद बऱ्याच गाड्यांमध्ये राहते आणि मूळ फाइल परत घातली तरी ती पुसली जात नाही.

पहिले हजार किलोमीटर

फाइल घातल्यावर लगेच ट्रेलर लावू नका. आठवडाभर नुसती गाडी चालवा. धूर, आवाज, डॅशवरचे दिवे, क्लच यांवर लक्ष ठेवा. पीयूसी पुन्हा करून घ्या. रिमॅप नीट असेल तर धुराचा आकडा फारसा हलत नाही, हलला तर फाइल परत न्या.

मग अर्ध्या वजनाचा ट्रेलर, ओळखीच्या चढावर. मग पूर्ण वजन. प्रत्येक वेळी वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून पाहा. माझ्या दुसऱ्या मॅपनंतर दिवे घाटात तिसऱ्या गिअरमध्ये वेग वळणावर पडायचा तसा पडेनासा झाला आणि माथ्यावरचं शीतकाचं तापमान जवळपास तेवढंच राहिलं. मला हवं होतं ते एवढंच.

चढताना आरपीएम २००० ते २६०० मध्ये ठेवा. एसीने गाडी गुदमरत असेल तर घाटापुरता बंद करा. शीतक १०५ अंशांकडे गेलं तर वेग कमी करा, खालचा गिअर टाका, पाय हलका ठेवा, आणि तरी उतरलं नाही तर सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन चालू ठेवून. माथ्यावर चहाला थांबलात तरी दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या. टर्बोच्या दांड्याभोवतीचं तेल तापलेल्या अवस्थेत थांबलं तर तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. तेलबदली मी कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या साधारण निम्म्यावर करते.

एक जागा अशी आहे जिथे रिमॅपचा काही उपयोग नाही: खाडीचा ओला, शेवाळलेला उतार. तिथे होडी बाहेर काढताना इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर असतं, टर्बो अजून जागा झालेला नसतो. त्या कामाला फोर व्हील ड्राइव्हचा लो गिअर लागतो, तो नसेल तर विंच आणि चार माणसं. कोळी बांधव दोर लावून ज्या शांतपणे होड्या ओढतात ते पाहत बसावंसं वाटतं.

उतारासाठी वेगळी तयारी

चढायची ताकद वाढली की माणूस जास्त वजन लावायला लागतो, आणि ते वजन उतरवायचंही असतं. ३०५० किलोची जोडगाडी ५०० मीटर उंची उतरली की सुमारे ४ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरी चार युनिट म्हणजे एक किलोवॅटची शेगडी चार तास. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये, नाहीतर एक खालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक सलग घासत ठेवू नका. ठाम दाबा, सोडा, हवा लागू द्या.

साडेसातशे किलोच्या वर गेलात की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवून घ्याच. गाडीने ब्रेक मारला, की ट्रेलरचा धक्का कपलिंगमध्ये दबतो आणि त्यानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात, अशी साधी यांत्रिक रचना असते. ट्रेलर सुटल्यावर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे दांडा निसटला तरी रस्त्यावर न टेकता साखळ्यांत झेलला जातो. ब्रेक ऑइल दर पावसाळ्यानंतर बदला, ते हवेतली ओल शोषतं आणि लवकर उकळायला लागतं. रिमॅपचे आणि ट्रेलर-ब्रेकचे असे दोन्हीचे पैसे एकदम जमत नसतील, तर आधी ब्रेक.

मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक घरी पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलला. सोबत गाडीचा नंबर, ईसीयूवरचा लेबल-क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. सर्व्हिसिंगला गाडी टाकण्यापूर्वी गॅरेजला रिमॅपचं सांगा, कारण कंपनीच्या सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं तर तुमची फाइल पुसली जाते. आणि गाडी विकायची वेळ आली तर मूळ फाइल परत घाला, घेणाऱ्याला सगळं सांगा, वजनकाट्याच्या पावत्या आणि ती वही त्याच्या हातात द्या.